मालिका कळते, तोंड उघडत नाही: व्हिडिओ बघून बोलणं खरंच सुधारतं का?

कोरी_वही

नमस्कार मंडळी. दोन वर्षं जर्मन शिकतेय. ऐकणं चांगलं, वाचणं बरं, लिहिणं शब्दकोश हाताशी असला तर निभतं. बोलणं मात्र शून्याच्या जरासं वर.

गेलं वर्षभर रोज तासभर तरी जर्मन काहीतरी बघते. मालिका, मुलाखती, रस्त्यात माणसांना थांबवून प्रश्न विचारतात ते व्हिडिओ. जो तो सांगतो, 'बघत राहा, आपोआप बोलायला लागशील.' आपोआप काही झालं नाही. परवा भाषांची देवाणघेवाण करायच्या एका ॲपवर पहिल्यांदाच एका जर्मन बाईंशी कॉलवर बोलले. त्यांनी विचारलं, 'उंट वास माख्स्ट डू झो?' म्हणजे, बाकी काय करतेस? प्रश्न लख्ख कळला. हेच वाक्य मालिकांमध्ये पन्नासदा तरी ऐकलं असेल. आणि मी काय उत्तर दिलं? 'गूट.' बाकी काय करतेस, तर बरं. बाई भल्या, हसल्या नाहीत. मी कॅमेरा बंद केला आणि उरलेला कॉल 'या, या' (हो, हो) वर काढला.

दोन महिन्यांनी जर्मनच्या बी वनची, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा आहे. तोंडी भागात दोघादोघांना एकत्र बसवतात. आधी मिळून काहीतरी ठरवायचं, मग एका विषयावर सादरीकरण, मग त्यावर प्रश्नोत्तरं. सगळं मिळून पंधराएक मिनिटं. पंधरा मिनिटं 'या, या' कोण ऐकून घेणार?

तर, व्हिडिओ बघून बोलणं सुधारतं का? सुधारत असेल तर माझं बघण्यातच काही चुकतंय का? सबटायटल्स इंग्रजी ठेवते, ती बंद करू का? 'आत्मविश्वास वाढवा' हे सोडून काहीही सांगा, ते सांगून झालंय सगळ्यांचं.

घडीव_दगड

+१. माझंही स्पॅनिशमध्ये हेच. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

जिभेला_हाड

'गूट' वाचून पोट धरून हसलो, मग स्वतःचं आठवलं आणि हसू थांबलं. माझ्या पहिल्या फ्रेंच संभाषणात समोरच्याने नाव विचारलं होतं आणि मी 'मेर्सी' (आभार) म्हणालो होतो.

'आपोआप' हा शब्द आधी डोक्यातून काढा. कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली बरीच मुलं शाळेत विषय फ्रेंचमधून शिकतात. वर्षानुवर्षं कानावर फ्रेंच. त्यांचं ऐकणं आणि वाचणं फ्रेंचभाषक मुलांच्या जवळपास पोचलं, बोलण्या-लिहिण्यात मात्र ती स्पष्ट मागे राहिली. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावरूनच मांडलं की नुसतं ऐकून भागत नाही, भाषा तोंडातून काढायची वेळ यावी लागते. कारण साधं आहे. ऐकताना चार शब्द पकडले की उरलेलं अंदाजाने भरून निघतं. बोलताना क्रियापद कुठे ठेवायचं आणि विभक्ती कुठली, हे तुमच्याऐवजी कुणी ठरवत नाही. तुमचं 'गूट' हे त्या मुलांच्याच घराण्यातलं आहे, तेव्हा फार लाज वाटून घेऊ नका.

आता मी काय केलं ते सांगतो. मी लेखी अनुवाद करतो, म्हणजे दिवसचे दिवस परकी भाषा डोक्यात आणि तोंड बंद. जर्मनच्या वेळी ठरवलं की आठवड्याला एकच तुकडा घ्यायचा, चाळीस सेकंदांचा. चाळीस मिनिटांचा नाही. दोन माणसं साधं काहीतरी बोलतायत, चेहरे नीट दिसतायत, जर्मनमधली सबटायटल्स आहेत, एवढं पुरे. बातम्या मुद्दाम घेतल्या नाहीत. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासकट मिळतात, कानासाठी त्या उत्तम. पण तसं कुणी बोलत नाही, नक्कल केलीत तर आकाशवाणीसारखं बोलाल.

पहिल्या दिवशी सबटायटल्स बंद, कागद-पेन घेऊन जे ऐकू येईल ते लिहायचं. मग सबटायटल्स लावून ताडायचं. इथेच गंमत कळते. मला 'हामवा' असा एक शब्द ऐकू आला होता, शब्दकोशात सापडेना. निघालं 'हाबेन वीर'. पाठ्यपुस्तकात दोन स्वच्छ शब्द, माणसाच्या तोंडात एक गिळलेला. ज्या जागा निसटल्या त्यांना वर्तुळ करायचं. आठवड्याचा अभ्यास म्हणजे ती वर्तुळं.

दुसऱ्या दिवशी एकेक वाक्य थांबवून म्हणायचं, त्या माणसाच्या हातवाऱ्यांसकट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबवायचंच नाही, त्याच्या अर्ध्या पावलामागून बोलत राहायचं. याला शॅडोइंग म्हणतात, दुभाषांच्या सरावात ते चालतं. पहिले दोन दिवस जीभ अक्षरशः दुखते. मग आवाज बंद करून चित्रावर आपणच डबिंग करायचं, आणि शेवटी चित्रही बंद: तोच किस्सा, पण आपला. तो उशीर का झाला ते सांगत असेल तर आपण आपल्या उशिराचं सांगायचं. ही शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग पोपट होतात.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायची सोय आहे, आणि चौकटी कंसाच्या दोन कळांनी वेग कमी-जास्त होतो. वेग पाऊणपट करायचा तो फक्त ऐकण्यासाठी. बोलायचं मूळ वेगातच, नाहीतर ते गिळणं कधी जमत नाही.

आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचं. हे सगळ्यात कडू. मला वाटत होतं माझं जर्मन ठीक आहे. रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस जर्मनचे पाढे म्हणत होता: प्रत्येक शब्दावर सारखाच जोर, 'देर'वरही (इंग्रजीतल्या 'द'सारखा किरकोळ शब्द) तेवढाच आणि मुख्य शब्दावरही तेवढाच. मूळ तुकडा परत लावला तर त्यातली बाई एका वाक्यात दोनच ठिकाणी जोर देत होती, बाकीचं नुसतं पुटपुटत होती. पुस्तकात हे लिहिलेलं मी वाचलं होतं. वाचून काय होतंय.

चित्र का हवं, नुसता ऑडिओ का नाही, हे वेगळं लिहितो. थोडं काम आलंय.

जिभेला_हाड

हां, तर चित्र.

१९७६ मध्ये मॅगर्क आणि मॅक्डॉनल्ड यांनी एक मजेदार गोष्ट दाखवली. आवाज 'बा'चा, पडद्यावर ओठ मात्र 'गा' म्हणणारे. बघणाऱ्या बहुतेकांना ऐकू येतं 'दा'. डोळे मिटले की परत 'बा'. म्हणजे आपण थोडंफार डोळ्यांनीही ऐकतो. नवी भाषा शिकताना तो डोळा फुकट का घालवायचा?

माझं उदाहरण. जर्मनमधला 'पाच' मी वर्षभर वहीत 'फ्युन्फ' असा लिहिला आणि तसाच म्हटला. ऐकणारे समजून घ्यायचे, म्हणून कधी शंका आली नाही. एकदा एका व्हिडिओत एक बाई आकडे म्हणत होती, तो यूट्यूबवर थांबवून पुढेमागे केला. थांबवलेल्या व्हिडिओत स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम सरकते. बघतो तर तिचा खालचा ओठ 'फ'साठी दाताला टेकलेला असतानाच ओठांचे कोपरे आत यायला लागलेले. स्वर यायच्या आधीच तोंड त्याच्या तयारीत. माझ्या 'फ्यु'मध्ये आधी 'य' आणि मग ओठ गोल, सगळा क्रमच उलटा. मग आरशासमोर उभा राहिलो. लांब 'ई' म्हणायची, जीभ तिथेच ठेवायची आणि फक्त ओठ 'ऊ'चे करायचे. जो काही विचित्र आवाज येईल तो तो स्वर. पहिल्यांदा जमला तेव्हा मीच दचकलो.

तसंच 'इश', म्हणजे 'मी'. देवनागरीत लिहिलं की आपण 'श' म्हणून मोकळे होतो. तो 'श' नाही. 'य' कुजबुजून म्हणा, कंठातून आवाज न काढता नुसत्या हवेचा 'य'. जवळ पोचाल. देवनागरी आपल्याला फार मदत करते आणि अधूनमधून असा दगा देते, म्हणून वहीत उच्चार लिहायची सवय सोडा. (तुमचं 'उंट', म्हणजे 'आणि', मात्र तंतोतंत आहे. जर्मन माणसं दर दोन वाक्यांमध्ये उंट बांधतात.)

एका ठिकाणी आपण नशीबवान. जर्मन 'झेड' म्हणजे 'चोर'मधला 'च', 'चार'मधला नव्हे. हा फरक आपल्या तोंडात जन्मापासून आहे, तो फक्त ओळखायचा. 'त्स' असा ओढूनताणून म्हणू नका.

तासिका

मी ऑनलाइन जपानी शिकवते, सगळे प्रौढ विद्यार्थी. जिभेला_हाड यांनी बहुतेक लिहिलंच आहे. त्यात दोन गोष्टी वाढवते आणि एका बाबतीत असहमती नोंदवते.

सबटायटल्स. इंग्रजी आजच्या आज बंद करा, पण एकदम कोरा पडदाही नको. सबटायटल्स त्या भाषेतलीच ठेवा. नेदरलँड्समध्ये डच विद्यार्थ्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन धाटणीचं इंग्रजी दाखवून एक प्रयोग झाला होता, निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी इंग्रजी सबटायटल्ससह पाहिलं त्यांचा कान त्या उच्चारांना सरावला. डच सबटायटल्सवाल्यांना नवे उच्चार ओळखताना उलट अडथळाच झाला. डोळे आपल्या सोयीच्या भाषेत वाचत असले की कान काम सोडून देतो. तुमचं एक वर्ष बरंचसं तिथे गेलंय, असं माझं मत.

दुसरं, कुणाची नक्कल करताय ते बघा. माझ्याकडे एक मुलगा आला, सगळं जपानी ॲनिमे (तिथली कार्टून) बघून शिकलेला. उच्चार असे, की मी खूश. पहिल्याच तासाला त्याने स्वतःला 'ओरे' म्हटलं आणि मला 'ओमाए'. मारामारी करणाऱ्या नायकाला ते शोभतं. शिकवणाऱ्या बाईला 'ओमाए' म्हणजे 'ए, तू गं!'च्याही खालचं. त्याला हे माहीतच नव्हतं, कारण पडद्यावर सगळे तसेच बोलतात. म्हणून मी सांगते, ज्या प्रसंगात तुम्ही खरोखर सापडणार आहात तसाच प्रसंग निवडा, आणि शक्यतो तुमच्या वयाचं माणूस.

चढ-उतार दिसला तर लवकर कळतो, हाही माझा अनुभव. जपानीत 'आमे' वरून खाली आलं तर पाऊस, खालून वर गेलं तर गोळी, चघळायची. ऐकून फरक कळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना मी 'प्रात' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आवाजांची रेघ काढून दाखवते. आधी माझी रेघ, मग त्यांची. 'अय्या, माझी सपाट आहे' हे दर वेळी ऐकते.

असहमती अशी. दोन महिन्यांत परीक्षा असताना एकेका स्वरासाठी आरशासमोर उभं राहणं मला उधळपट्टी वाटते. तुमचं अडतंय ते वेगात, उच्चारात नाही. त्यावर वर्गात चालणारा जुना उपाय आहे: एकच गोष्ट तीनदा सांगायची. आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. ऐकणारा दर वेळी नवा असला तर उत्तम, नसला तर कॅमेऱ्यासमोर. तिसऱ्या वेळी वाक्यं आपोआप (हो, इथे चालेल हा शब्द) जुळून येतात, कारण काय सांगायचं ते शोधण्यात डोकं अडकलेलं नसतं. आणि तिन्ही व्हिडिओ पुसू नका.

शंकेखोर

सगळं छान, पण पडदा तुमची वाट बघत नाही, आणि तुम्ही गप्प बसलात तरी त्याला वाईट वाटत नाही. बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोग आठवा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी मँडरिन (चिनी) बोलणारी माणसं समोर बसून खेळली, बारा वेळा. बाळं मँडरिनचे ध्वनी वेगळे ओळखायला लागली. तेच बोलणं, तीच माणसं व्हिडिओवर दाखवली, तर फरक शून्य.

धागाकर्तीने रोजचा तास बघण्यात घालवण्यापेक्षा रोज त्या बाईंना फोन करावा.

जिभेला_हाड

शंकेखोर, धागाकर्ती नऊ महिन्यांची नाही. बाळाला व्हिडिओ थांबवता येत नाही, वर्तुळं करता येत नाहीत आणि आपलं रेकॉर्डिंग ऐकून शरम वाटत नाही. मोठ्यांना या तिन्ही गोष्टी जमतात.

पण रोज फोन करा हे मान्य. फक्त हात हलवत जाऊ नका, तुकडा पाठ करून जा. तासिकाताई, आरशाबद्दल तुमचं खरं असेल. मला परीक्षा नव्हती, हौस होती.

अर्धविराम

ही परीक्षा दिली आहे, म्हणून थोडक्यात. मी व्हिडिओ बघताना बोलणाऱ्याकडे बघणं सोडलं आणि ऐकणाऱ्याकडे बघायला लागले. समोरचा बोलत असताना तो काय करतो? मान कधी हलवतो, 'गेनाऊ' (अगदी बरोबर) कधी म्हणतो, 'आख झो' (अच्छा) कुठल्या सुरात, 'एश्ट?' (खरंच?) करून भुवया कधी उचलतो, आपली पाळी घ्यायच्या आधी श्वास कसा घेतो. जोडीने काहीतरी ठरवायच्या भागात हेच लागतं. माझा जोडीदार पाठ केलेलं भाषण करत होता, मी मध्ये काही बोलले की बिचारा पहिल्यापासून सुरू.

कामाची वाक्यं: 'वी वेऽरं एस मिट...' (अमुक केलं तर?), 'दा बिन इश आंडरर माय्नुंग' (माझं मत वेगळं आहे), 'आय्नफरश्टांडन' (चालेल). 'इश'बद्दल वरच्या सूचना लागू. आणि काही सुचेना तर 'आल्झो...' (तर...) म्हणून दोन सेकंद मिळतात. गप्प बसून मिळालेले दोन सेकंद आणि 'आल्झो'चे दोन सेकंद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कोरी_वही

सहा आठवड्यांनी धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार, आधीच मानायला हवे होते.

सहा तुकडे झाले. पहिला तुकडा अडतीस सेकंदांचा होता, एक बाई मैत्रिणीला सांगतेय की ती काल का आली नाही. त्याला दहा दिवस लागले, आठवडा नाही. पहिल्या दिवशी माझ्या कागदावर सतरा वर्तुळं होती. सतरा! मालिका 'कळतात' म्हणणारी मी.

एक शोध लागला, तो इथे कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते. 'वाइल' म्हणजे 'कारण'. त्यानंतर क्रियापद शेवटी जातं, आणि वर्गात सगळे त्याला घाबरतात. मला डबिंग करताना तेच सोपं गेलं. 'वाइल इश काय्नं झाइट हाटं', कारण मला वेळ नव्हता. आपलंही क्रियापद शेवटीच असतं की! (हा 'झाइट' चोरातल्या 'च'ने म्हणते, लिहायला अजून जमत नाही. वही सोडा म्हणालात, सुटत नाहीये.) अडते ती साध्या वाक्यात, जिथे क्रियापद दुसऱ्या जागी हवं. रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आलं की प्रत्येक साध्या वाक्यात क्रियापदाच्या आधी मी श्वास घेते. दर वेळी, त्याच जागी. आता साध्या वाक्यांचेच तुकडे शोधतेय.

आरसा फक्त रविवारी, तासिकाताईंच्या भीतीने. चार-तीन-दोन रोज. चार मिनिटांचा पहिला व्हिडिओ आहे, त्यात मी छताकडे बघत एक मिनिट दहा सेकंद गप्प आहे. पुसला नाही.

त्या बाईंशी चार कॉल झाले, कॅमेरा चालू ठेवून. त्यांनी परत 'उंट वास माख्स्ट डू झो?' विचारलं. मी 'ना या, फील त्सू टून' म्हटलं, म्हणजे, काय सांगू, कामं फार आहेत. त्या तुकड्यातली बाई खांदे उडवते तसे खांदेही उडवले. त्यांनी लगेच विचारलं, कसली कामं? तिथे मात्र माझा तुकडा संपला होता. 'आल्झो...' म्हटलं. अर्धविराम, तुमचे दोन सेकंद मी आठ केले, पण पुढे तीन वाक्यं बोलले. तिसरं चुकलं, त्यांनी सुधारलं, मी परत म्हटलं.

आणि आता फजिती. चौथा कॉल आम्ही 'हाल्प झेक्स'ला ठरवला. मी ते शब्द त्यांच्याच सुरात, त्यांच्याच वेगाने परत म्हटले, मनात म्हटलं काय झकास जमलंय. हाल्प म्हणजे अर्धा, झेक्स म्हणजे सहा. साडेसहाला तयार होऊन बसले. त्यांचे पाच मिस्ड कॉल, पहिला पाच एकतीसचा. जर्मनमध्ये 'अर्धा सहा' म्हणजे साडेपाच हो! सहाकडे जायला अर्धा उरलेला. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं, मी शिकले होते, उत्तरपत्रिकेत बरोबर लिहिलंही होतं.

त्यांची माफी मागितली, तीही जर्मनमध्ये. परीक्षा पंधरा दिवसांवर आहे. काहीतरी मिळून ठरवायच्या भागात वेळ ठरवायला सांगू नये, एवढीच इच्छा.

शंकेखोर

वेळच ठरवायला सांगतील.

जिभेला_हाड

'हाल्प झेक्स'चं रेकॉर्डिंग असेल तर चढवा. उच्चार ऐकायचाय.